माझ्या रक्ताला नवरा चालेना

पायांना सूज यायला लागली तेव्हा मी मुलींच्या इंटर कॉलेजात संस्कृत शिकवत होते. दिवसभर उभं राहायचं म्हणजे पाय सुजणारच, असं मी घरी सगळ्यांना सांगत होते आणि सगळे ते मानतही होते. फक्त हे मानत नव्हते. हे म्हणजे माझे यजमान. सिंचाई विभागात नकाशे काढायची त्यांची नोकरी. धरणं, कालवे, कालव्यांचे दरवाजे कागदावर बारीक रेघांनी उतरवायचे. माणूस बोलायला कमी, पण नजरेतून काही सुटायचं नाही. एका सकाळी मी चपला घालत असताना त्यांनी खाली वाकून माझ्या घोट्याजवळ अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"शिकवून शिकवून असा खड्डा पडत नाही," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेले.

दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. रक्तदाबाने आतल्या आत पोखरलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. काही महिने औषधांवर ढकलले, मग डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. दिवसाला पाणी मोजून, गोळ्या गिळायला लागणारं धरून. झाशीचा मे महिना ज्याने काढलाय त्यालाच ह्याचा अर्थ कळेल. अंगणातला पत्राही तहानलेला वाटतो तिथे.

त्या उन्हाळ्यात मला वाटत होतं की ह्यांना तहानच लागत नाही. घरात कधी ह्यांच्या हातात पेला दिसायचा नाही. महिन्याभराने शेजारच्या भाभींनी हसत हसत सांगितलं, "तुम्हारे साहब दिन में चार बार हमारे यहाँ पानी पीने आते हैं। कहते हैं, घर में बताना मत।" मी ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांना दुसरं घर शोधावं लागलं असतं.

आम्ही झाशीतले जुने मराठी. माझं माहेर ग्वाल्हेरचं, म्हणजे तिथेही तीच तऱ्हा: घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. आमच्या मुलाला आणि मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. तेव्हा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी होता आणि मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आई-वडील माझे गेलेले, भाऊ एकच, आणि तो मधुमेही. हे सांगायचं कारण म्हणजे किडनी कोण देणार हा प्रश्न आमच्या घरात प्रश्न म्हणून आलाच नाही. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा शब्द काढताच हे म्हणाले, "माझी घ्या." एखाद्याने चहा मागावा आणि आपण आपला कप पुढे करावा, इतक्या सहज. आमचा रक्तगटही एकच होता.

डायलिसिसच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर चिरगाँवची एक बाई असायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, आवाज खणखणीत, आणि बोली अस्सल बुंदेली. तिला पाच मुलं. तिचा नवरा चिरगाँवच्या बाजारात शिंपी होता. हॉलमधल्या सगळ्या बायकांची एक अडचण असायची. दंडात सुया टोचायच्या म्हणजे ब्लाउजची बाही वर सरकवायची, आणि ती चार तास करकचून बसायची. ह्या शिंप्याने बायकोसाठी बाहीला खांद्यापर्यंत बटणं लावलेले ब्लाउज शिवले. बटणं काढली की दंड मोकळा. पुढच्या आठवड्यात त्याने माझ्यासाठीही दोन आणून दिले, माप न घेता, आणि दोन्ही बरोबर बसले. मी चकित झाले तर त्याची बायको म्हणाली, "जिज्जी, जे आदमी आँख सें नाप लेत।" तेव्हापासून मी तिची जिज्जी, म्हणजे ताई, आणि तो माझा भैया झाला.

ती पहिल्या दिवसापासून मला विचारायची, "तुमें को दै रओ?" तुला कोण देतोय? आमच्या हॉलमध्ये हा नेहमीचा प्रश्न होता. पुरुषांना बहुतेक बायको देत होती, नाहीतर आई, नाहीतर बहीण. बायकांना देणारा नवरा क्वचित सापडायचा. तिच्याकडे आणि माझ्याकडे मात्र दोघींकडेही नवरेच देणार होते. ती हे हॉलभर सांगायची. आम्हा दोघींच्या खाटांकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघायचे.

प्रत्यारोपणासाठी लखनऊला जावं लागत होतं. तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई चष्म्याआडून थेट डोळ्यांत बघून बोलायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी लांबलचक फॉर्म भरायला घेतला. कधी रक्त चढवलं होतं का, कुठली ऑपरेशनं झाली, असं करत करत त्या विचारत्या झाल्या, "किती वेळा गर्भ राहिला होता?"

"दोनदा," मी म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतून हे म्हणाले, "तीनदा."

मी वळून बघितलं. हे माझ्याकडे न बघता डॉक्टरबाईंच्या पेनाकडे बघत होते. "मुलानंतर एकदा राहिला होता. पाचव्या महिन्यात गेला. मग मुलगी झाली."

खरं होतं. पण पंचवीस वर्षांत आमच्या घरात कुणी त्याचा उच्चार केला नव्हता. सासूबाईंनी तेव्हा बजावलं होतं की आता हा विषय नको, आणि मी तो इतका नको केला की मोजणीतूनही काढून टाकला. ह्यांनी काढला नव्हता. डॉक्टरबाईंनी तीनचा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दोन आठवड्यांनी तपासण्यांचे निकाल घ्यायला आम्ही परत गेलो. ह्यांची किडनी उत्तम होती. साखर नाही, रक्तदाब नाही. शेवटची तपासणी क्रॉसमॅचची. त्यात माझं रक्त आणि ह्यांच्या पेशी एकत्र करून बघतात. डॉक्टरबाईंनी कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हे जमणार नाही. ह्यांच्या पेशी टाकल्याबरोबर तुमचं रक्त त्यांच्यावर तुटून पडतंय. किडनी बसवली तर कदाचित टेबलावरच निकामी होईल."

"पण रक्तगट तर एकच आहे," हे म्हणाले.

"रक्तगट वेगळा. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याच्या स्वतःच्या अशा खुणा असतात. पोटातलं बाळ निम्मं बापाचं असतं, म्हणजे त्याच्यावर बापाच्या खुणा असतात. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. रक्ताला त्या परक्या दिसतात आणि ते त्यांच्याविरुद्ध पहारेकरी तयार करतं. बाळाला त्याने सहसा काही होत नाही. पण काही बायकांच्या रक्तात ते पहारेकरी वर्षानुवर्षं राहतात. तीन वेळा गर्भ राहिला, म्हणजे तीन वेळा तुमच्या खुणा त्यांनी पाहिल्या. आता तुमची किडनी आली की ते ओळखणारच."

ह्यांनी तो कागद उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं संसार करून मी हिला परकाच."

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "उलट. तुमची फार ओळख झालीय."

"आणि हिची मला द्यायची असती तर?"

"तर ही अडचण आली नसती. तुम्ही कुठे तिची मुलं पोटात वाढवलीत? बायकोची किडनी नवऱ्याला देताना दुसरा प्रश्न असतो. बाईची किडनी आकाराने लहान, आणि धिप्पाड पुरुषाच्या अंगात तिच्यावर कामाचा भार जास्त पडतो. पण ती आल्या आल्या हाकलली जात नाही. बायका जास्त देतात ह्याचं हेही एक कारण आहे. बाकीची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

मुलीने घरी कळल्याबरोबर, "आई, मैं दूँगी," म्हणून धोशा लावला. तिच्यातही निम्म्या खुणा बापाच्याच, तेव्हा तिची तपासणीही तशीच फिरली. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. मुलाचं तर मी विचारूही दिलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही लखनऊहून दुपारच्या गाडीने परत निघालो. कानपूर गेलं, उरई जवळ आली, आणि हे खिडकीतून बाहेर बघत होते. कापलेल्या गव्हाची रानं मागे पळत होती. मला ह्यांची फार कीव येत होती. स्वतःच्या दुखण्याचं काही वाटत नव्हतं, ह्यांचा कप असा परत सरकवला गेला ह्याचं वाईट वाटत होतं.

"तुमच्या लक्षात होतं?" मी विचारलं. "मी स्वतः विसरले होते."

"मी कसा विसरेन?" ते म्हणाले. "मुलगा होता तो."

मला हे माहीत नव्हतं. मला तेव्हा शुद्धच नव्हती, आणि नंतर कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"नर्सने मला बोलावून दाखवला. एवढासा." ह्यांनी हाताची ओंजळ केली. "नखं होती त्याला. मी एका पंचात गुंडाळून घेऊन गेलो. तुझी अवस्था बघून तुला सांगायचं धाडस झालं नाही. मग आईने सांगितलं विषय नको. मग मुलगी झाली, सगळे खूश होते. कधी सांगणार?"

समोरच्या बाकावरचं कुटुंब पुऱ्या आणि लोणचं खात होतं. मला रडू आलं तसं त्यातल्या म्हाताऱ्या बाईने काही न विचारता मला स्वतःच्या पदराचं टोक पुढे केलं. झाशी येईपर्यंत आम्ही दोघं त्या मुलाबद्दल बोललो. तो असता तर आज किती वर्षांचा असता, कुणासारखा दिसला असता. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि मला त्या दिवशी ह्यांच्याबद्दल एक संपूर्ण नवी गोष्ट कळली होती.

गुरुवारी हॉलमध्ये गेले तर चिरगाँववाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीही त्याच आठवड्यात लखनऊला जाऊन आली होती. मी विचारलं तशी उसळून म्हणाली, "पाँच मोड़ा-मोड़ी जने ऊके, और अब खून कहत है ऊकी चीज नईं लेने!" पाच मुलं त्याची जन्माला घातली, आणि आता रक्त म्हणतंय त्याची वस्तू नको. तिचं आणि माझं अगदी एकच झालं होतं. तिचा नवरा बाहेर बाकावर बसून रडत होता आणि हे त्याच्या शेजारी बसून त्याला माझ्या डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं कागदावर चौकोन आणि बाण काढून समजावून देत होते.

यंत्रं सुरू झाली. आम्ही दोघी छताकडे बघत पडलो होतो. मधेच ती एकदम हसायला लागली. "जिज्जी, एक काम करें। तुम हमाओ आदमी लै लो, हम तुमाओ लै लेत।"

सगळा हॉल हसला. मी इतकी हसले की माझ्या यंत्राचा गजर वाजला आणि नर्स धावत आली.

पुढच्या वेळी लखनऊला गेले तेव्हा मी डॉक्टरबाईंना हा विनोद म्हणूनच सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि विचारलं, "त्या बाईचा रक्तगट काय?"

तेव्हा कळलं की असं खरंच करता येतं. एका जोडप्यातल्या नवऱ्याची किडनी दुसऱ्याच्या बायकोला, आणि त्या दुसऱ्याची पहिल्याच्या बायकोला. आम्हा चौघांचाही गट एकच निघाला. माझ्या रक्ताने शिंप्याच्या पेशी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे ते त्यांच्या अंगावर गेलं नाही. तिच्या रक्ताने ह्यांच्या पेशींकडे दुर्लक्ष केलं. क्रॉसमॅचचे दोन्ही कागद स्वच्छ आले.

"एक गोष्ट सांगून ठेवते," डॉक्टरबाई आम्हा चौघांना समोर बसवून म्हणाल्या. "पुरुषाच्या पेशींवर पुरुषपणाची म्हणून एक खूण असते. बाईच्या अंगात ती नसते, म्हणून पुरुषाची किडनी बाईत गेली की ती खूण परकी वाटू शकते. ज्या बाईने पोटात मुलगे वाढवलेत, तिच्या रक्ताने ती आधी पाहिलेलीही असेल. मोठी गोष्ट नाही, आणि आम्हा डॉक्टरांचंही ह्यावर एकमत नाही. ह्या कारणासाठी मी कुणाला परत पाठवत नाही. पण पहिले काही महिने दोघींवर बारीक लक्ष ठेवावं लागेल."

चिरगाँववालीने विचारलं, "तौ लुगाई की काय नईं मिल सकत?" बाईची का नाही मिळत?

"मिळाली तर घेऊ की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी आहे?"

कुणीच नव्हतं.

कागदपत्रांत बरेच महिने गेले. परवानगी देणारी एक समिती असते. ती प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारते की तुमच्यावर कुणाचा दबाव तर नाही, आणि सगळं कॅमेऱ्यावर घेते. आमच्या लग्नाचा पुरावा म्हणून आम्ही जुनी लग्नपत्रिका नेली होती. तिथल्या बाबूने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "यह 'चि. सौ. कां.' क्या है? दुल्हन का नाम?" ह्यांनी गंभीरपणे ते समजावून सांगितलं.

शिंप्याला समितीने विचारलं की एका परक्या बाईला तुम्ही किडनी का देताय. तो नंतर आम्हाला सांगत होता. त्याने उत्तर दिलं होतं, "साहब, मैं तो अपनी घरवाली को ही दे रहा हूँ। रास्ता जरा घूम के है।" मग हे आत गेले. ह्यांची इतकी घाबरगुंडी उडाली की मराठीतच बोलले, "तिला बरं वाटावं म्हणून." समितीतल्या एकाने म्हटलं, हिंदी में बोलिए. तर हे म्हणाले, "वही। उनकी तबीयत ठीक हो जाए, बस।"

परवानगी मिळाली.

चारही ऑपरेशनं एकाच दिवशी झाली, कारण कुणा एकाचा विचार मधेच बदलायला नको. सकाळी दोघा नवऱ्यांना शेजारी-शेजारी स्ट्रेचरवरून नेलं. शिंपी देवाचं नाव घेत होता. ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा नीट ठेव. काड्या जरा सैल झाल्यात त्याच्या." तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला जे काही प्रेमाचं म्हटलं असेल, त्यात हे एक मी धरते.

शिंप्याची किडनी माझ्या अंगात बसली आणि टेबलावरच लघवी व्हायला लागली. मला जाग आल्यावर नर्सने पिशवी वर करून दाखवली. मला इतका आनंद आधी कशाचा झाला असेल आठवत नाही. ह्यांच्या किडनीने मात्र चिरगाँववालीला तीन-चार दिवस वाट बघायला लावली. मग तीही चालू झाली. "तुमाए साब की है न," ती मला म्हणाली, "पैलें नक्सा देख रई हुइए, फिर काम सुरू करहै।"

इस्पितळाजवळ आम्ही दोन्ही कुटुंबांनी शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि तीन महिने राहिलो. पुरुष लवकर बरे झाले. दोघंही कुशीवर हात धरून एकत्र भाजी आणायला जात. माझी मुलगी आणि तिची मोठी मुलगी मिळून आमचा बिनमिठाचा सैपाक करत. आम्ही दोघी तोंडाला फडकी बांधून गच्चीवर बसायचो आणि मी तिला मराठी शिकवायचे. तिला 'अहो' फार आवडलं होतं. नवऱ्याला ती दिवसभर अहो अहो करायची आणि तो बिचारा इकडे-तिकडे बघायचा.

दुसऱ्या महिन्यात तिला ताप आला. लघवी कमी झाली, रक्तातला कचरा वाढला. डॉक्टरबाईंनी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की तिचं शरीर किडनीला नाकारायला लागलंय. तिला पुन्हा भरती केलं. सलग मोठी इंजेक्शनं, रक्त गाळून त्यातले ते पहारेकरी काढून टाकायचे, असं सगळं सुरू झालं.

ह्यांची अवस्था बघवेना. हे जेवेनात. "माझ्यातच काही खोट असणार," म्हणायचे. मी सांगायचे, डॉक्टरबाई सांगायच्या, काही उपयोग नाही. शेवटी ह्यांनी डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, "ती तुम्ही पुरुषाची खूण म्हणाला होतात, त्यामुळे झालं का?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तिला पाच मुलं झाली, तिच्या रक्ताने बरंच काही पाहिलंय. कदाचित त्यातलं काही आपल्या तपासणीत दिसलंच नाही. कदाचित दुसरंच काही असेल. पण तुमची किडनी चांगली आहे. तिने काही चूक केलेली नाही."

मला स्वतःची वेगळीच लाज वाटत होती. तिच्या नवऱ्याची किडनी माझ्यात छान चालली होती. तिच्या नवऱ्याचं तोंड मी चुकवू लागले. एके दुपारी तोच माझ्या दारात आला. हातात माझाच एक ब्लाउज. म्हणाला, "जिज्जी, तुमचं वजन वाढलंय, हा घट्ट होत असेल. उसवून देतो." मग दाराशीच बसून टाके उसवत म्हणाला, "तुम्ही अशा राहू नका. निदान एक तरी नीट चालू दे. मी काय, माझी परत मागायला येणार आहे का?" मी त्याच्यासमोर बसून मोठ्याने रडले, आणि तो मान खाली घालून टाके काढत राहिला.

हे रोज सकाळी त्याला विचारायचे, "भैया, आज कितना हुआ?" तो आकडा सांगायचा. लघवी हळूहळू वाढायला लागली. तीन आठवड्यांनी ती घरी आली, म्हणजे शेजारच्या खोलीत. गाल सुजलेले, केस गळालेले, पण आवाज तोच. हे भीत भीत तिला भेटायला गेले आणि दारातच उभे राहिले.

"काय भैया, मौं लटकाएँ काय ठाँड़े?" तिने आतून हाक मारली. असे तोंड पाडून का उभे? "तुमाई चीज में कछू खोट नइयाँ। हमाओ खूनई तेज है। हमाए आदमी सें पूछ लो।"

तेव्हा कुठे हे हसले आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

आता तीन वर्षं होत आली. माझी किडनी व्यवस्थित चाललीय. तिची थोडी मंद आहे, तिला औषधं माझ्यापेक्षा जास्त लागतात, पण डायलिसिसची खाट तिने पुन्हा पाहिलेली नाही. लखनऊची तारीख आम्ही दोघी एकच घेतो. गाडीत तिची जागा चिरगाँवपर्यंत मी पिशवी ठेवून राखते.

मागच्या वैशाखात तिच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन दोघं झाशीला आमच्या घरी आले. चहा झाला, बोलणं झालं, तरी ती उठेना. तिचा नवरा तिला कोपर मारत होता. शेवटी ती ह्यांच्याकडे वळून म्हणाली की तिला भाऊ नाही. आणि मुलीच्या लग्नात माहेराहून भाऊ चीकट घेऊन येतो, म्हणजे बहिणीला लुगडं आणि घरच्यांना कपडे. भाऊ नसला तर मांडवात आईच्या भावाची जागा रिकामी राहते, चारचौघांत दिसतं.

"तुम लै आओगे?" तिने विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बघता काय, हो म्हणा."

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने चिरगाँवला गेलो. आमचा मुलगा रजा काढून आला होता. त्याच्या डोक्यावर कपड्यांची परात, मुलीच्या हातात मिठाई, आणि पुढे हे, डोक्याला फेटा. तो शिंप्यानेच बांधून दिला होता, वेशीजवळ उभा राहून. बायका दारात गाणी म्हणत होत्या आणि मामाला रीतीप्रमाणे भरपूर शिव्या देत होत्या. आमच्याकडे ही पद्धत नाही. ह्यांना बुंदेली सगळं कळतं, त्यामुळे कानापर्यंत लाल झाले होते.

पाटावर उभं राहून तिने ह्यांना ओवाळलं. ह्यांनी तिच्या डोक्यावर लुगडं पांघरलं आणि तिने रीतीप्रमाणे ह्यांच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. ही रीत आहे, सगळ्याच बहिणी रडतात. पण ती थांबेना. हे कसेबसे तिच्या पाठीवर थोपटत होते आणि मराठीत, कारण घाबरले की ह्यांना मराठीच सुचतं, म्हणत होते, "पुरे गं, पुरे. पोरीचं लग्न आहे. औषध घेतलंस का सकाळचं?"